श्वास धरावा की सोडावा?

समुद्रात बुडी मारावयाची विद्या आधी पोहण्याच्या तलावात शिकावी लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांना हे सोयीचेच आहे; समुद्र दूर, पण तलाव गावात. सुटीत तारकर्लीस किंवा गोव्यास जाण्यापूर्वी मुले स्कूबाचा हट्ट धरतात, तेव्हा आईवडील पहिला प्रश्न करतात तो, ‘पाणी किती खोल?’ श्वासाविषयी काय शिकविता, हे मात्र कोणी विचारीत नाही.

कुस्तो व गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये जे उपकरण सिद्ध केले, त्यात पाठीवरच्या सिलिंडरमधील हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडाशी येते. वर येताना पाण्याचा दाब उतरतो आणि छातीतील हवा फुगू लागते. अवघ्या दोन मीटर खोलीवर छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आले, तर ती हवा एक पंचमांशाने वाढू पाहते. फुप्फुसास इजा होण्यास तेवढे पुरे होऊ शकते. उथळ तलाव म्हणजे निर्धास्त, ही समजूत म्हणूनच खोटी. श्वास कधीही कोंडू नये, हा या विद्येचा पहिला नियम. मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, तोंडातून सुटलेली नळी बारीक बुडबुडे सोडीत शोधणे, सोबत्याच्या हवेवर वर येणे, हे सारे धडे घाबरल्यावरही हा नियम न विसरण्याचे होत.

आता स्पर्धा पाहा. १९५४ साली इंग्लंडातील साउथसी येथे अ‍ॅलन ब्लेक यांनी आपल्या मंडळातील पाणबुड्यांसाठी एक खेळ काढला. हिवाळ्यात समुद्र थंडगार, मग सभासद तलावात टिकावेत कसे? तळाशी शिशाची जड चकती, हाती वीतभर लांबीची काठी, आणि पाण्याखाली हॉकी! ‘ऑक्टोपुश’ हे त्याचे मूळ नाव. १९८० साली कॅनडातील व्हँकुव्हरला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. काठावरच्या प्रेक्षकाला खळबळणाऱ्या पाण्यापलीकडे फारसे काही दिसत नाही, ही गोष्ट निराळी.

या खेळात सिलिंडर नसतो. श्वास रोखूनच खाली जावे लागते. म्हणजे धडा नेमका उलटा! चुरशीच्या भरात मुले बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्याने शरीरातील प्राणवायू फारसा वाढत नाही. कर्बद्विप्राणिल वायू मात्र घटतो, आणि श्वासाची ओढ देणारा तोच. ओढ लागण्यापूर्वीच शुद्ध हरपते, तीही बहुधा मुकाट्याने. पट्टीचे पोहणारेही यातून सुटलेले नाहीत.

तेव्हा तलावावर नाव घालताना शिक्षकांना दोन्ही धडे वेगळे करून शिकविता काय, हे विचारावे. एक जण बुडी मारील तेव्हा दुसऱ्याने केवळ त्याच्यावर नजर ठेवावी, अशी जोडी तेथे लावीत नसतील, तर फी भरण्याआधी दुसरा तलाव पाहावा.