मूठ हौशीची, गल्ला मालकांचा

मार्च २०२३ मध्ये नवी दिल्लीत महिलांची जागतिक मुष्टियुद्ध अजिंक्यपद स्पर्धा भरली. ती ज्या सभागृहात झाली त्या सभागृहाला खाशाबा जाधवांचे नाव आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तेथवर जाण्यासाठी त्याला गावोगाव वर्गणी मागावी लागली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. खाशाबा १९८४ साली रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशक उलटल्यावर आला. जिवंतपणी ज्याला तिकिटाचे पैसे मिळाले नाहीत त्याच्या नावाच्या छताखाली एक लाख डॉलरचा धनादेश हातात घेतलेल्या विजेत्यांची छायाचित्रे निघाली, तेव्हा ‘खेळाडूंचे दिवस पालटले’ असा निर्वाळा अनेक वृत्तपत्रांनी देऊन टाकला. तो निर्वाळा तपासून पाहण्याजोगा आहे.

मराठीत म्हण आहे, हौसेला मोल नाही. ज्याला हौस भागवायची आहे त्याने खर्चाकडे पाहू नये, एवढाच तिचा अर्थ. परंतु क्रीडाक्षेत्रातील मालकवर्गाने या म्हणीचा दुसराच अर्थ लावला आणि तो शंभर वर्षे राबविला. हौशी खेळाडूच्या श्रमाला मोल नाही, म्हणून ते द्यायचेही कारण नाही, असा तो अर्थ. ‘हौशी’ ही कल्पना जन्मली तीच मुळी वर्गीय अहंकारातून. १८७९ साली इंग्लंडमधील हेन्लीच्या नौकास्पर्धेच्या चालकांनी हौशी कोण याची व्याख्या केली, तीत कारागीर, मजूर आणि यंत्रावर काम करणारा यांना नावानिशी वगळले होते. हाताने काम करणारा माणूस हौशी असूच शकत नाही. हौस ही फावल्या वेळेची मिरास आणि फावला वेळ ही जमीनदाराची! १९२० साली जॅक केली या अमेरिकन नौकापटूचा प्रवेशअर्ज याच स्पर्धेने फेटाळला. तो पूर्वी गवंडीकाम करीत असे. त्याच वर्षी त्याने ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, ही गोष्ट निराळी.

मुष्टियुद्धात हे सोवळे टिकणे अधिकच अवघड होते. वल्हे मारणारा उमराव सापडतो. पोटाची ददात नसताना रोज नाकावर ठोसा खाणारा उमराव क्वचित सापडतो. हा खेळ गोदीकामगारांच्या, खाणमजुरांच्या, निग्रो वस्त्यांतील आणि वसाहतींतील पोरांचाच राहिला. नियम उमरावांचे आणि डोकी गरिबांची, अशी ही वाटणी. त्या डोक्यांचे पुढे काय होते हेही काही गुपित नव्हते. सतत ठोसे खाणाऱ्यांच्या मेंदूला होणाऱ्या कायमच्या इजेचे वर्णन अमेरिकन वैद्य हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच प्रसिद्ध केले होते. जो धंद्यासाठी लढतो त्याला निदान त्या इजेची किंमत मागता येते. हौशी योद्ध्याने ती इजाही हौसेखातर सोसावी, अशी अपेक्षा होती.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९७४ मधील हवानाची पहिली जागतिक हौशी मुष्टियुद्ध स्पर्धा पाहिली पाहिजे. तोपर्यंत या खेळाला ऑलिंपिकखेरीज जागतिक व्यासपीठ नव्हते. अकरा वजनगटांपैकी पाच सुवर्णपदके यजमान क्यूबाने जिंकली. उरलेली सहा युगांडाचा अयुब कालुले, पोर्तो रिकोचा विल्फ्रेडो गोमेझ, अमेरिकेचा हॉवर्ड डेव्हिस, सोव्हिएत संघाचे वासिली सोलोमिन व रुफात रिस्कियेव्ह आणि युगोस्लाव्हियाचा मेट पार्लोव्ह यांच्याकडे गेली. ही यादी नीट वाचावी. साम्राज्यशाहीच्या नकाशावर ज्या देशांना कोपऱ्यात बसविले होते त्यांची मुले येथे मधोमध उभी आहेत. आणि या अकरा जणांत सर्वांत उंच उभा आहे तो तेओफिलो स्टीव्हन्सन. १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, १९७४, १९७८ आणि १९८६ अशी तीन जागतिक अजिंक्यपदे. मुहम्मद अलीशी लढण्यासाठी अमेरिकन ठेकेदारांनी लाखो डॉलर पुढे केले, तेव्हा ऐंशी लाख क्यूबन जनतेच्या प्रेमापुढे त्या रकमेची मातब्बरी नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. भांडवली जगाला हे उत्तर अद्याप उमगलेले नाही. प्रत्येक माणसाला एक भाव असतो, या त्याच्या धर्मश्रद्धेलाच त्या उत्तराने धक्का दिला होता.

पण स्टीव्हन्सनच्या नकाराचे पोवाडे गाणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. नकार देण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे त्याला होकाराचेही असावयास नको काय? क्यूबाने १९६१-६२ च्या सुमारास धंदेवाईक खेळ बंद केला. त्यामागील हेतू उदात्त होता: मुष्टियोद्धा हा दलालाचा बैल होऊ नये. प्रत्यक्षात दलालाची जागा सरकारी खात्याने घेतली. जुलै २००७ मध्ये रिओच्या पॅन-अमेरिकन स्पर्धेच्या वेळी दोन वेळचा ऑलिंपिक विजेता गिलेर्मो रिगोंदो आणि जागतिक विजेता एरिसलांदी लारा हे दोघे पथक सोडून गेले. ब्राझीलच्या पोलिसांना ते सापडले, मायदेशी परतले आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय संघाची दारे कायमची बंद झाली. यथावकाश दोघांनीही देश सोडला. त्यांनी कोणता गुन्हा केला होता? आपल्या मुठीवर आपला हक्क आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पूर्व युरोपातही कागदोपत्री सैनिक किंवा विद्यार्थी असलेले, प्रत्यक्षात अहोरात्र सराव करणारे ‘हौशी’ दशकानुदशके लढले. त्यांना पगार होता, घर होते, आजारपणात दवाखाना होता. गरीब देशांतील हौशी खेळाडूला स्वप्नातही न दिसणारी ही सुरक्षितता होती, हे मान्य केलेच पाहिजे. फक्त बोलण्याचा अधिकार नव्हता. समाजवादाची शपथ घेणाऱ्या राजवटींनी श्रमिकाला भाकरी देऊन त्याची जीभ काढून घ्यावी, यातला विपर्यास लपविण्यात कोणाचेच हित नाही. क्यूबाने २०२२ साली आपल्या योद्ध्यांना धंदेवाईक लढतींची मुभा दिली. ती साठ वर्षे आधी, योद्ध्यांच्या स्वतःच्या संघटनेमार्फत दिली असती तर डॉलरवाल्या ठेकेदारांना कदाचित तोंड लपवावे लागले असते.

आता मालकांच्या तिसऱ्या जातीकडे वळू या. ही जात ना उमरावाची, ना सरकारी खात्याची. तिचे नाव आंतरराष्ट्रीय संघटना. जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने २००७ साली आपल्या नावातून ‘हौशी’ हा शब्द गाळला. शब्द गेला, पण हौशी खेळाडूची असहायता तशीच राहिली. पंचांच्या कारभाराने तर लाज कोळून प्यायली होती. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लगावले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. निकाल लागला तो पार्कच्या बाजूने, तीन विरुद्ध दोन. पार्क बिचाऱ्याने हा कलंक मागून घेतला नव्हता. पुढे २०२३ साली ते पदक त्याने स्वतः जोन्सच्या हवाली केले. पंचांनी काही परत केल्याचे ऐकिवात नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढती आधीच ठरविल्या जात होत्या, पंचांची नेमणूक करणारी व्यवस्थाच दबाव आणि भीतीवर चालत होती, असा निष्कर्ष रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या चौकशी अहवालाने २०२१ साली काढला. आयर्लंडच्या मायकेल कॉनलनने पंचांना भर रिंगणात बोट दाखविले तेव्हा सभ्य जगाने नाके मुरडली होती. पाच वर्षांनी कळले की त्या रिंगणात तेवढी एकच गोष्ट प्रामाणिक होती.

या सगळ्यावर उतारा म्हणून डिसेंबर २०२० मध्ये रशियाचे उमर क्रेमलेव्ह अध्यक्षपदी आले, आणि त्यांच्यामागून गाझप्रोम या रशियन सरकारी वायूकंपनीचा पैसा आला. दिल्लीच्या स्पर्धेची २४ लाख डॉलरची बक्षिसे याच कारकिर्दीतली. येथे सुज्ञ वाचक विचारील, की पैसा कोठूनही येवो, निजामाबादच्या निखत झरीनला, आसामातील बारो मुखिया गावच्या लवलिना बोर्गोहाईनला, हरियाणाच्या नीतू घंघास आणि स्वीटी बूरा यांना तो मिळाला, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. या चौघींनी ती सुवर्णपदके घाम गाळून मिळविली. नीतूच्या वडिलांनी मुलीच्या सरावासाठी नोकरीवर बिनपगारी रजा काढली होती. या पैशावर त्यांचा पूर्ण हक्क आहे. आक्षेप आहे तो याला, की हक्काचे असताना ते दान म्हणून दिले गेले. वेतन आणि बक्षिसी यांत फरक असतो. वेतन करारान्वये मिळते, बक्षिसी धन्याच्या मर्जीने. धन्याची मर्जी कशी चालते याचा पुरावाही लगेच मिळाला. दिल्लीत सुवर्णविजेत्या स्त्रीला एक लाख डॉलर. अवघ्या दोन महिन्यांत ताश्कंदला त्याच संघटनेच्या स्पर्धेत सुवर्णविजेत्या पुरुषाला दोन लाख. ठोसा तोच, रिंगण तेच, रक्त त्याच रंगाचे. स्त्रीशक्तीच्या जयघोषात हा निम्मा भाव कोणी कोणत्या हिशेबाने ठरविला?

मर्जीचा दुसरा पुरावा अधिक क्रूर आहे. याच दिल्लीच्या स्पर्धेत अल्जीरियाची इमान खलीफ अंतिम फेरीत पोचली आणि लढतीला काही तास उरले असताना पात्रतेच्या कारणावरून तिला बाद करण्यात आले. तैवानच्या लिन यू-टिंगचे कांस्यपदक काढून घेण्यात आले. स्त्रियांच्या गटात कोणी लढावे हा प्रश्न खोटा नाही. ज्या खेळात समोरच्याच्या डोक्यावर आघात करणे हेच कौशल्य, तेथे सुरक्षितता आणि समानता यांची चर्चा झालीच पाहिजे, आणि समोर उभ्या राहणाऱ्या स्त्रीची काळजी ही काही कोती काळजी नव्हे. परंतु संघटनेच्याच सांगण्याप्रमाणे शंका २०२२ पासून होती. मग एक वर्ष या दोघींना लढू कसे दिले? आणि शंका होती तर ती सिद्ध करण्याची रीत लेखी, जाहीर आणि अपिलाला वाव देणारी नको काय? एका स्त्रीच्या शरीराची सर्वांत खाजगी गोष्ट पदाधिकाऱ्यांनी वृत्तसंस्थांपुढे चघळावी, याला न्याय म्हणत नाहीत. ऑलिंपिक समितीने या निर्णयाला मनमानी म्हटले, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये दोघींनी सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर जगभरच्या राजकारण्यांनी त्यांच्या नावाने जो शिमगा केला, त्यात मुष्टियुद्धाशी संबंध असलेले किती होते?

‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. दिल्लीच्या स्पर्धेवर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, पोलंड, युक्रेन आदी देशांनी बहिष्कार टाकला, कारण रशिया आणि बेलारूसला त्यांच्या झेंड्यांसह प्रवेश होता. युद्धखोरीचा निषेध अवश्य व्हावा. पण बहिष्काराचा निर्णय मुष्टियोद्ध्यांच्या मतदानाने झाला नव्हता, आणि झेंड्यांचा निर्णयही नाही. भारतालाही हा अनुभव नवा नाही. संघटनेच्या निवडणुकीतील गैरप्रकारांवरून २०१२ च्या अखेरीस भारतीय संघटना निलंबित झाली आणि २०१३ साली आपल्या मुष्टियोद्ध्यांना तिरंग्याऐवजी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या झेंड्याखाली रिंगणात उतरावे लागले. निवडणुका लढविल्या पदाधिकाऱ्यांनी, आणि झेंडा गेला खेळाडूंचा. खाशाबांच्या नावाच्या सभागृहात मुष्टियुद्धाचा सोहळा रंगण्याच्या दोनच महिने आधी त्याच दिल्लीत महिला कुस्तीगीर आपल्या संघटनेच्या प्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या होत्या. मे महिन्यात पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले. राजकारण खेळात आहेच. फक्त खेळाडूला त्यात मत नाही.

त्या मार्च महिन्याच्या जल्लोषानंतर, एप्रिल २०२३ मध्ये, कौर सिंग वारले. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातले हे सैनिक १९८२ च्या दिल्ली एशियाडमधील हेवीवेट सुवर्णविजेते. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत त्यांनी दिली होती. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, सारे काही झाले. २०१७ साली हृदयाच्या उपचारांसाठी या माणसावर खाजगी सावकाराचे कर्ज काढण्याची पाळी आली, आणि बातमी छापून आल्यावर लष्कर व सरकार यांना जाग आली. लवलिनाच्या गावचा चिखलाचा रस्ता दुरुस्त होऊ लागला तो २०२१ साली टोकियोत तिचे पदक निश्चित झाल्यावर. पदक न मिळालेल्या मुलींच्या गावांना रस्ते कोणत्या स्पर्धेनंतर मिळणार?

जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुन्या संघटनेची मान्यता काढून घेतली. ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ही नवी संघटना त्याच वर्षी उभी राहिली, भारताने २०२४ मध्ये तिचे सदस्यत्व घेतले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला तात्पुरती मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला तिची जागतिक स्पर्धा झाली. जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हूडा यांनी तेथे भारतासाठी सुवर्णपदके मिळविली. नव्या घराकडून नव्या चालीची अपेक्षा होती. नव्या संघटनेने स्त्रियांसाठी सक्तीची जनुकीय चाचणी लागू केली, ती जाहीर करताना पुन्हा खलीफचे नाव घेतले, आणि मग नाव घेतल्याबद्दल माफी मागितली. फ्रान्सच्या कायद्यात अशा चाचणीला वाव नसल्याने तेथील पाच मुलींची तपासणी परदेशी प्रयोगशाळेत झाली, निकाल मुदतीत पोचले नाहीत, आणि पाचही जणी एकही ठोसा न मारता स्पर्धेबाहेर राहिल्या.

प्रयोगशाळेचा उशीर, पण दंड मुलींना. तेव्हा नव्या संघटनेकडे मागणे एवढेच आहे, की पात्रतेचे नियम, पंचांच्या नेमणुका आणि यजमानपदासाठी घेतले जाणारे पैसे हे तीनही विषय ज्या समितीपुढे येतील तिच्यात निम्म्या जागा लढणाऱ्यांनी निवडून दिलेल्या लढणाऱ्यांना असाव्यात. प्रत्येक स्पर्धकाचा मेंदूच्या इजेसाठी आजन्म विमा असावा आणि त्याचा हप्ता प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून भरला जावा. स्त्रीला आणि पुरुषाला बक्षीस समान असावे. भारतीय संघटनेने सदस्य या नात्याने हे ठराव मांडावेत आणि ते मांडण्यापूर्वी भिवानी, इंफाळ, गोलाघाट येथील आखाड्यांत जाऊन ते तेथल्या मुलामुलींकडून दुरुस्त करून घ्यावेत.