जळिताला पाळी मोडतो, मग या घराला का नाही?



एरवी या पानावर मी बेणे, हुमणी, पाचट असल्या गोष्टी लिहितो. आजचा विषय दवाखान्याचा आहे. पण तो शेवटी तोडणी कार्यक्रमापाशीच येऊन थांबतो, म्हणून शेतकी खात्याच्या माणसाने लिहिले तर वावगे होऊ नये.

आपल्या एका सभासदाच्या चार वर्षांच्या मुलीला दोन वर्षांमागे आषाढात रक्ताचा कॅन्सर निघाला. नाव-गाव लिहीत नाही. त्याच महिन्यात त्यांनी दीड एकर आडसाली लावली होती. मुलीचा ताप हटेना, पाय दुखतात म्हणून ती रात्रभर रडे, अंगावर निळे डाग उठू लागले. रक्त तपासले आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी थेट परळच्या टाटा रुग्णालयात धाडले. तिथे कळले की लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि उपचार पुरे केले तर बरीच मुले बरी होतात.

'पुरे केले तर' हे शब्द महत्त्वाचे. हे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. आपल्या हिशेबात एक आडसाली आणि तिचा खोडवा. पहिल्या महिना-दीड महिन्यातच बहुतेकांच्या रक्तातला दोष दिसेनासा होतो, पोर खेळू लागते, आणि इथेच घरची माणसं फसतात. लव्हाळ्याचे काय होते? भांगलण केली की रान स्वच्छ दिसते, गाठी मात्र खाली शाबूत. म्हणून पुढे सलाईनमधून औषधे, मणक्यातली इंजेक्शने आणि नंतर वर्षाहून जास्त काळ रोजच्या गोळ्या. मधेच सोडले तर रोग उलटतो, आणि उलटलेला आवरणे फार कठीण.

आई मुलीला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. थोरला मुलगा आजीपाशी. बाप आठवड्याला रात्रीची एस.टी. धरी. "पोरीच्या जातीला एवढा खर्च?" असे आजोबा एकदा बोलून गेले. सून म्हणाली, "पोरगा असता तर इचारलं असतं का, मामा?" त्यानंतर म्हातारा काही बोलला नाही. दुसऱ्या बाजाराला त्यानेच आपली दुभती म्हैस नेऊन विकली.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्ण आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेची सवलत मिळते, दाखला रुग्णालयातून घ्यावा. पण रानाची आबाळ कोणत्या योजनेत बसते?

आता माझी चूक सांगतो. गेल्या हंगामात, पौषात, त्यांच्या उसाची पाळी आली आणि त्याच आठवड्यात मुलीची मुंबईची तारीख. मीच त्यांना बांधावर म्हणालो, "पोरगी आता चांगली खेळती की. तेवढी तोड उरकून मग जावा." ते म्हणाले, "न्हाई सायेब, तारीख चुकवायची न्हाई." आणि गेले. रानात उभे राहायला कोणी नव्हते. टोळी पुढच्या फडात गेली. तो ऊस मार्चअखेर तुटला, तुरे येऊन, पोकळ पडून. वजन किती घटले ते मला ठाऊक आहे, कारण त्या प्लॉटची नोंद माझीच. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, हेच मला जास्त लागले.

माझे म्हणणे एवढेच आहे. जळीत उसाला आपण पाळी मोडून तोड देतो. का, तर थांबला तर सभासद बुडेल. मग ज्या घरचे लेकरू कॅन्सरच्या उपचारावर आहे, त्या घराला तीच सवड का नसावी? रुग्णालयाची फाईल दाखवली की पाळी आठवडाभर पुढे किंवा मागे, घरच्या सोयीने. कोणी म्हणेल, उद्या सगळेच दाखले घेऊन येतील. येऊ द्यात. लग्नाची आणि वशिल्याची निमित्ते आपण दरसाल ऐकतोच, त्यापेक्षा ही फाईल तपासायला सोपी आहे. अशी घरे एका गटात असून असणार किती?

बाकीचे शेजाऱ्यांच्या हातात आहे. पाण्याची पाळी कोणीतरी धरावी. या मुलांना औषधांमुळे साधा संसर्गही भारी पडतो, तेव्हा पोर घरी आले की भेटायला झुंबड करू नये. हा रोग शिवल्याने लागत नाही, पण आपला खोकला तिला लागतो. ताप आला तर रात्री दोनलासुद्धा गाडी निघाली पाहिजे. सकाळची वाट पाहायची नाही. आणि तरुण मंडळींनी रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, देण्यासाठी नावे लिहून ठेवावीत. त्या फार दिवस साठवता येत नाहीत, ऐनवेळी माणूसच लागतो.

पाळीबद्दलची सूचना मी शेतकी समितीकडे लेखी दिली आहे. सभासदांनी बरे-वाईट मत गट ऑफिसात चिटबॉयकडे कळवावे. त्या प्लॉटचा खोडवा या हंगामात तोडीला येतो. मुलीच्या गोळ्याही साधारण त्याच सुमारास संपायच्या आहेत. तारीख मी या खेपेस आधी त्यांना विचारून मगच कार्यक्रमात घालणार आहे.