विश्लेषण : स्वादाचा पाइप तंबाखू जुना होऊन चांगला होतो का?

गेल्या पावसाळ्यात बोईसरला मामांच्या घरी कपाट आवरताना खालच्या फळीवर सात डबे निघाले. पाइपमध्ये भरून ओढायच्या तंबाखूचे. मामा जहाजावर नोकरीला होते, त्यामुळे एकेक डबा एकेका बंदरावरचा. कुठे व्हॅनिला, कुठे चेरी, कुठे रम. सर्वांत जुना डबा १५ वर्षांपूर्वीचा. डॉक्टरांनी दम दिल्यावर मामांनी पाइप सोडला, त्याला तीन वर्षे झाली. डबे मात्र त्यांना टाकवत नव्हते. ‘‘राहू दे रे, मुरतोय तो. दारूसारखंच असतं त्याचं,’’ असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने एक डबा उघडून हुंगला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, वास तर आइस्क्रीमसारखा येतोय!’’ पाठोपाठ त्याने मोबाइलवर शोधून सांगितले, की परदेशात जुन्या डब्यांना चांगला भाव मिळतो.

स्वादाचा तंबाखू खरेच मुरतो का आणि तो जपून ठेवावा का, हे दोन प्रश्न त्या दुपारी पडले. दोन्हींचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. कारणे मात्र वेगवेगळी आहेत.

तंबाखू मुरतो म्हणजे नेमके काय होते?

तंबाखूचे पान तोडल्यावर लगेच ओढण्याजोगे नसते. ते वाळवावे लागते, नंतर काही काळ आंबवावे किंवा दाबून ठेवावे लागते. हवाबंद डब्यात गेल्यावरही पानात हळूहळू बदल होत राहतात. पानातली साखर आणि अमिनो आम्ले यांची एकमेकांशी क्रिया होते. कांदा परतताना तो तांबूस होतो आणि त्याला गोडसर वास सुटतो, त्याच जातीची ही क्रिया. फक्त तव्यावर जी मिनिटांत होते ती इथे वर्षानुवर्षे चालते. पान काळपट होते, तिखटपणा उतरतो, चव गोलसर होते.

हा बदल सगळ्या पानांत सारखा होत नाही. आपल्याकडे आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात पिकणाऱ्या व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर भरपूर असते, त्यामुळे ते चांगले मुरते. परदेशात ज्या जुन्या डब्यांना भाव येतो, त्यांत या पानाच्या, वरून फारसा स्वाद न लावलेल्या मिश्रणांचा वाटा मोठा आहे. बर्ले जातीच्या पानात मात्र साखर अगदी कमी असते. ते वर्षानुवर्षे ठेवले तरी फारसे बदलत नाही.

मग स्वादाच्या तंबाखूचे काय?

स्वादाच्या मिश्रणात बहुधा हेच बर्ले किंवा वाफवून काळे केलेले कॅव्हेंडिश पान वापरतात, कारण ते स्पंजासारखे स्वाद शोषून घेते. स्वाद दोन टप्प्यांत चढवला जातो. आधी साखर, मध, कोको, ज्येष्ठमध अशा पदार्थांचा पाक पानात जिरवतात. याला ‘केसिंग’ म्हणतात. हे लोणच्यासारखे, मसाला फोडीच्या आत जातो तसे. शेवटी डबाबंद करण्याआधी सुगंधी द्रव्य वरून फवारतात, ते ‘टॉपिंग’. हे कपड्यावर लावलेल्या अत्तरासारखे. डबा उघडताच जो घमघमाट येतो, तो मुख्यतः या फवाऱ्याचा.

आता अत्तर मुरते का? तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ड्रमचे झाकण सैल राहिले, की आतले सॉल्व्हंट उडून जाते. फळांचा वास देणारी एस्टर जातीची द्रव्ये अशीच उडून जाणारी असतात. चेरीचा वास ज्या बेन्झाल्डिहाइडमुळे येतो, त्याचे हवेशी संबंध आल्यावर बेन्झोइक आम्ल होते, आणि या आम्लाला चेरीचा वास नसतो. व्हॅनिलाचे व्हॅनिलिन त्या मानाने चिवट, ते बराच काळ टिकते. त्यामुळे जुन्या डब्यात फळाचा वास आधी जातो, व्हॅनिलाचा गोडवा मागे रेंगाळतो आणि मूळ मिश्रणाचा तोल बिघडतो.

शिवाय हा तंबाखू ओलसर राहावा म्हणून त्यात बरेचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. त्यामुळे पाच वर्षांनीही तो हाताला मऊ लागतो आणि ‘बघा, अजून ताजा आहे’ असे वाटते. तो मऊपणा ग्लायकॉलचा असतो. त्यावरून पान मुरले असे म्हणता येत नाही.

इथे टिकणे आणि मुरणे यांत फरक करायला हवा. वाडा कोलमचे उदाहरण घ्या. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा आपल्या जिल्ह्याचा तांदूळ. नवा असताना भात चिकट होतो, वर्षभर जुना झाला की दाणा मोकळा शिजतो. म्हणून जुन्या तांदळाला मान. पण सुवासिक जातीचा तांदूळ जास्त जुना केला की त्याचा वास कमी होत जातो. जुनेपणाने दाणा सुधारतो, सुवास घटतो. तंबाखूचेही तसेच आहे. ज्याची सारी किंमत सुवासात आहे, तो जुना करण्यात फायदा नाही.

मामांच्या दारूच्या दाखल्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. बाटलीत भरल्यावर तिचे मुरणे थांबते. बाटली वीस वर्षे कपाटात ठेवली म्हणून बारा वर्षांची व्हिस्की बत्तीस वर्षांची होत नाही.

पालघरच्या हवेत डबे कितपत राहतात?

थंड, कोरड्या देशांतले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. पाइप तंबाखू साधारण ६० ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवावा, असे शौकीन मानतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. सातपाटीत सुकवलेला बोंबीलही जून लागण्याआधी डब्यात गच्च बंद करावा लागतो, नाहीतर सादळतो. तंबाखूचेही तेच. खाऱ्या हवेने पत्र्याच्या डब्याला कडेने गंज चढतो, झाकणाची पकड जाते. पाऊचची शिवण त्याहून लवकर दगा देते. एकदा ओल शिरली की साखरेचा पाक प्यायलेल्या पानावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. मामांच्या सातपैकी दोन डब्यांच्या तळाशी गंज होता आणि एकात पांढरट जाळे. मुरलेल्या पानावर कधी कधी साखरेचे चकाकणारे कण दिसतात हे खरे, पण ते कण असतात, कापसासारखी लव नसते. लव दिसली आणि कुबट वास आला, की ती बुरशीच.

घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात, थंड जागी ठेवला तर स्वादाचा तंबाखू काही वर्षे बऱ्यापैकी टिकेल, हे मान्य. पहिल्या काही महिन्यांत स्वाद पानात नीट मिसळतो, असेही ओढणारे सांगतात. पण त्यापुढची वर्षे त्यात भर घालत नाहीत, काढूनच घेतात.

मुरल्यावर सौम्य होतो, मग कमी घातक नाही का?

सगळ्यात धोक्याचा समज हाच. मुरल्याने सौम्य होते ती चव. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक संयुगे असतात. ती मुख्यतः पान वाळवताना आणि आंबवताना तयार होतात. उष्ण, दमट जागी साठवलेल्या तंबाखूत त्यांचे प्रमाण वाढूही शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतल्या दोन प्रमुख संयुगांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडातच घोळवतात, म्हणून तो निरुपद्रवी, हेही खोटे. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि फुप्फुस या साऱ्यांच्या कर्करोगाशी पाइपचा संबंध सिद्ध झालेला आहे.

चव सौम्य झाली की माणूस जास्त ओढतो. आणि वास आइस्क्रीमसारखा असला की ज्याने कधी ओढले नाही त्यालाही हात लावावासा वाटतो. मामांच्या नातवाचे ते वाक्य म्हणूनच मला गमतीचे वाटले नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आणली. ती बंदी अन्नसुरक्षा कायद्याखालची, म्हणजे खाण्या-चघळण्याच्या पदार्थांची. ओढण्याच्या तंबाखूला २००३चा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा लागू होतो. त्यानुसार १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकता येत नाही आणि वेष्टनावर ठरवून दिलेला चित्रमय इशारा लागतो. एप्रिल २०१६ पासून तो ८५ टक्के भागावर असावा लागतो. परदेशातून आणलेल्या डब्यावर तो नसतो. तेव्हा ‘जुना माल’ म्हणून असा डबा ऑनलाइन विकायला ठेवणे कायद्यात बसत नाही.

अमेरिकेने २००९ मध्ये मेन्थॉल वगळता स्वादाच्या सिगारेटींवर बंदी घातली. युरोपीय संघाने २०१६ पासून सिगारेट आणि वळायच्या तंबाखूतले स्वाद बंद केले, मात्र पाइपचा तंबाखू वगळला. कारण तो मुख्यतः मोजके, वयस्कर लोक ओढतात. युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण घरातल्या कपाटाला वयाची अट नसते.

मग डब्यांचे काय करायचे?

राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार २०१६-१७ मध्ये देशातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांत पाइप ओढणारे मूठभर. तरी आठवण म्हणून, भाव येईल म्हणून किंवा ‘मुरतोय’ म्हणून डबा ठेवणारे घर तुमच्याही ओळखीत असेल. त्यांना सांगावेसे वाटते, की स्वादाचा तंबाखू ठेवून ठेव होत नाही. वास उडतो, निकोटीन राहते. ज्याने सवय सोडली आहे, त्याच्यासाठी बंद डबा म्हणजे उघडे दार. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.

मामांनी दोन दिवस विचार केला. मग सहा डब्यांतला तंबाखू स्वतःच्या हाताने पाण्यात भिजवून कचऱ्यात टाकला. सातवा, सर्वांत जुना, त्यांनी रिकामा करून घासून घेतला. आता त्यात मामी सुईदोरा ठेवतात. झाकण उघडले की व्हॅनिलाचा वास अजून किंचित येतो.