अंधारांतील रंगभूमि आणि घरचा कॅमेरा

गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला आणि त्यांत आमचा पराभव झाला. तो पराभव चार घरांस उपयोगी पडण्यासारखा आहे, म्हणून या महिन्याचें आमचें पान त्यालाच देतों.

गोष्ट अशी. आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षें ७६, ललितापंचमीच्या सायंकाळीं एका छोटेखानी सभागृहांत नाट्यपदें गाणार होत्या. आमच्या नातीनें आपला जुनाच कॅमेरा पुसून तयार ठेविला होता. आम्हीं म्हटलें, "बाळ, तेथें दिवे अगदीं मंद असतात. फ्लॅश बरोबर घे, नाहीं तर काळोखाचेंच चित्र येईल." ती म्हणाली, "आजोबा, फ्लॅश मुळींच नेणार नाहीं. मोठ्या आजीला तो नको आहे." "तुला कोणीं सांगितलें?" "तिनेंच!"

यावर आम्ही गप्प बसलों. त्या 'नको'च्या मागील इतिहास आम्हांस ठाऊक होता; किंबहुना तो आम्हींच घडविला होता.

सुमारें ३० वर्षांपूर्वीं कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहांत हौशी मंडळींनीं 'संगीत मानापमाना'चा प्रयोग केला होता. वहिनी भामिनी झाल्या होत्या. आमच्या कॅमेऱ्यांत १०० गतीची फिल्म आणि माथ्यावर फ्लॅश. चित्र स्पष्ट यावें म्हणून आम्ही थेट रंगमंचाच्या कडेला जाऊन उभे राहिलों आणि तान समेवर यावयाची तोंच बटण दाबलें. वहिनींच्या डोळ्यांपुढें वीज चमकली, आणि त्यांची सम चुकली. तबलजींनीं प्रसंग सांवरून घेतला. घरीं आल्यावर वहिनी एका अक्षरानेंहि आम्हांस बोलल्या नाहींत.

तें नाट्यगृह सामान्य नव्हे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१५ सालीं 'पॅलेस थिएटर' या नांवानें तें उभें केलें. पुढें त्यास केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. केशवराव कोल्हापूरचे, जन्म १८९०. १९०८ सालीं त्यांनीं 'ललितकलादर्श' मंडळी काढली, आणि १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ते धैर्यधर म्हणून उभे राहिले. त्याच वर्षीं वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं ते गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, त्या नाट्यगृहास आग लागली आणि रंगमंच व प्रेक्षागृह जळून गेलें.

त्या आठवड्यांत वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, त्या रंगमंचावरचा माझा एखादा फोटो असेल का हो?" आम्हीं तोच फोटो शोधून काढला. पिठासारखा पांढरा चेहरा, आणि मागें विहिरीसारखा काळोख. वहिनींनीं तो बराच वेळ पाहिला व म्हणाल्या, "यांत नाटकगृह कुठें आहे?"

प्रश्न साधा होता. त्याचें उत्तर मात्र आम्हांस नातीनें दिलें. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत क्षीण होतो, हें आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें फळ्यावर लिहून दाखविलें. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश एकचतुर्थांश. लहान फ्लॅशची धांव तीन-चार मीटरच्या पुढें फारशी नसते. म्हणजे जवळची व्यक्ति भडक उजळते आणि मागचा पडदा, झालर, समोरचे प्रेक्षक सारे अंधारांत जातात. दहाव्या रांगेंतून फ्लॅश उडविणारा तर पुढच्या रांगेंतील टकलें तेवढीं उजळतो! शिवाय रंगमंचावरील दिव्यांनीं जी छाया मोठ्या कल्पकतेनें घडविलेली असते, ती त्या एका झगमगाटांत पुसून जाते. आम्हीं त्या दिवशीं वहिनींची सम तर घालविलीच, पण नाट्यगृहहि घालविलें.

मग फ्लॅशवांचून करावें काय? भारी यंत्रसामग्री नाहीं म्हणून अडून बसण्याचें कारण कोल्हापूरकरांस तरी नाहीं. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनीं चित्रपट काढावयाचे ठरविलें तेव्हां कॅमेराच येथें घडविला. त्यांच्या चित्रपटांच्या मानानें आपलें काम किती सोपें! नातीपासून आम्हीं जें शिकलों तें थोडक्यांत देतों.

पहिली गोष्ट भिंगाची. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधारण भिंग दूरचें दृश्य जवळ आणतांना ५.६ पर्यंत आकसतें. त्याऐवजीं ५० मिलिमीटरचें, १.८ छिद्राचें साधें भिंग घेतलें तर तें सुमारें दहापट प्रकाश आंत घेतें. भिंगांमध्यें तें स्वस्तांपैकीं आहे, आणि जुनें मिळालें तरी चालतें.

दुसरी गोष्ट आयएसओची. तो १६०० अथवा ३२०० वर नेण्यास भिऊं नये. चित्रांत थोडी रवाळी दिसेल, पण रवाळ चित्र पाहतां येतें. हललेलें चित्र पाहवत नाहीं.

तिसरी शटरची. बसून गाणाऱ्यास सेकंदाचा १०० वा भाग पुरतो. नृत्यास २५० वा लागतो. आपल्याकडील विजेवर चालणारे कांहीं दिवे सेकंदांत १०० वेळां लुकलुकतात, व त्यामुळें चित्रांत कधीं पट्टे उमटतात. पट्टे दिसल्यास शटर १०० व्या भागावरच ठेवावें.

चौथी काळ्या पडद्याची. सर्वत्र काळें पाहून कॅमेरा फसतो, चित्र उजळूं पाहतो, आणि चेहरा पांढरा पडतो. म्हणून प्रकाशमापन चेहऱ्यावर करावें, किंवा उजेड एक पायरी उतरवावा.

ज्यांच्या घरीं केवळ मोबाइल आहे त्यांनींहि हिरमुसूं नये. त्यांतील रात्रीची सोय अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करते. स्थिर बसलेल्या गवयास ती चालते, नर्तकीस चालत नाहीं. मात्र कॅमेरा असो वा मोबाइल, मागील पडद्याचा उजेड मंद करावा आणि नेम धरतांना पेटणारा बारीक दिवा बंद ठेवावा. कोपर बरगडीस टेकवून, खांबाचा आधार घेऊन, श्वास सोडतांना बटण दाबावें.

हें सारें ऐकून आम्हीं विचारलें, "पण गाणारा हलतोच. त्यास काय करशील?" ती म्हणाली, "थांबेन. तोहि कुठें तरी थांबतोच."

हें ऐकतांच आम्हांस कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'चा दुसरा अंक आठवला. मालविका गाऊन-नाचून निघाली असतां विदूषक तिला थांबवितो. ती क्षणभर नुसती उभी राहते, आणि अग्निमित्राच्या मनांत येतें कीं तिच्या नृत्याहून हें उभें राहणेंच अधिक सुंदर. आम्हीं हा अंक कितीदां शिकविला! पण कॅमेरा हातीं धरणाऱ्यास त्याहून उपयुक्त धडा नाहीं, हें आम्हांस कळावयास नात लागली. आलाप संपतां स्वर धरून ठेवलेला क्षण, समेवर टेकलेला हात, संवादापूर्वींचा विराम, तिहाईनंतर नर्तकीचें स्थिर होणें: या जागा मंद प्रकाशांतहि मिळतात. मात्र त्या येण्यापूर्वीं ओळखाव्या लागतात, आणि त्यासाठीं तें गाणें, तें नाटक आधीं मन लावून ऐकलेलें असावें लागतें. आमच्याजवळ त्या दिवशीं प्रकाश नव्हता असें आम्ही समजत होतों. खरें पाहतां आमच्याजवळ कान नव्हता.

ललितापंचमीच्या सायंकाळीं, त्र्यंबुलीची यात्रा आटोपून, आम्ही सारे सभागृहांत गेलों. नात एका खांबाला टेकून बसली. पहिल्या दोन पदांत तिनें कॅमेरा उचललाच नाहीं; नुसती मांडीवर ताल धरून होती. तिसऱ्या पदांत वहिनींनीं वरचा षड्ज धरला, डोळे मिटले, आणि सूर ठरला. त्या निमिषांत तिनें तीन-चार चित्रें घेतलीं. शेजाऱ्यांस कळलेंहि नाहीं.

घरीं आल्यावर तिनें तें चित्र वहिनींच्या हातीं दिलें. थोडें रवाळ होतें. तानपुऱ्याच्या तारा मागें पुसट झाल्या होत्या. पण समईचा पिवळा उजेड गालावर होता, पेटीवाल्याची कललेली मान दिसत होती, आणि पुढच्या रांगेंतील दोन-तीन श्रोत्यांचे चेहरे अंधारांतून वर आले होते. वहिनी म्हणाल्या, "इथें सगळेजण आहेत."

आम्हांस राहवेना. ३० वर्षें राहून गेलेली क्षमा आम्हीं त्या रात्रीं मागितली. वहिनी हंसून म्हणाल्या, "कसली हो क्षमा, भाऊजी? मला तर कांहीं आठवतहि नाहीं."

मग नातीला 'फ्लॅश नको' म्हणून सांगितलें होतें, तें कोणीं? हें मात्र आम्हीं विचारलें नाहीं.