थकलेली बिलं आणि रोखीचं घर
मेरीलँडमध्ये लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणं हा माझा धंदा. संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडे काम करणारी गिऱ्हाइकं बरीच. अमेरिकी नागरिकत्व घेतलेली आपली मराठी पोरंही त्यात आली. सुरक्षा मंजुरीचा एसएफ-८६ फॉर्म आला, की पोटात गोळा येतो. परवा एकीने हॉस्पिटलची थकलेली बिलं आणि वसुलीवाल्यांची पत्रं पिशवीतून टेबलावर ओतली. "काका, हे लिहू की गाळू?"

लिही, म्हटलं. आजारपण, घटस्फोट, गेलेली नोकरी यांमुळे झालेलं कर्ज नियमांत समजून घेतलं जातं. हप्ते बांधून फेडत असल्याचे कागद दाखव. लपवलंस, तर कर्जापेक्षा खोटेपणाच नडेल.

कर्जात बुडालेला माणूस फितूर होईल, ही भीती अगदीच निराधार नाही. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५मध्ये पैशांच्या ओढाताणीतूनच गुपितं विकायला सोव्हिएत दूतावासात गेला. पण पुढे ५ लाख ४० हजार डॉलरचं घर त्याने रोखीने घेतलं, जॅग्वार फिरवली, आणि पकडला गेला थेट १९९४मध्ये! पगारात न बसणारी श्रीमंतीही आज नियमांत संशयास्पदच आहे. माझं म्हणणं, झाडाझडती आधी तिची घ्या. थकलेली कर्जं काय, बहुतेक क्रेडिट रिपोर्टात आयती सापडतात.