वीस इंच

दोस्तांनो, आपल्या कवितेत बंदुका फार झाल्या. माझ्याही. जिनिंगमध्ये रात्रपाळी करून, कापसाचा धुरळा नाकातोंडात घेऊन मीही लिहिल्यात अशा दोन-चार. पण परवा राणीसावरगावात एक पोरगा मला म्हणाला, "दादा, बारा बोअरची नळी कापून घेऊ. आखूड झाली की सदऱ्याखाली बसती. मग बघू कोण वस्तीत शिरतंय." तेव्हा कविता सोडून कायदा काढावा लागला.

तर ऐक गड्या. शस्त्र कायदा १९५९, कलम ६. परवान्याशिवाय नळी कापणं हाच गुन्हा, गोळी उडो न उडो. २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षा कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेप. आपली अट्रॉसिटीची केस बुडवायला ज्यांना साक्षीदार फोडावे लागतात, त्यांच्या हातात तू एका करवतीनं फुकट केस देणार. तू जेलात, वस्ती उघडी.

म्हणून हात जोडून बसा असं मी म्हणत नाही. १९७८ च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. त्या रात्री कशा काढल्या ते म्हाताऱ्यांना विचारा.

त्याच कायद्याचं कलम १३ वाचा. वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची छऱ्याची बंदूक संरक्षणासाठी, नाहीतर ठासणीची बंदूक पीक राखणीसाठी मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असं लिहिलंय. पोलिसांचा अहवाल लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो, लागू दे. पण कलम १४ म्हणतं, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं नाकारायचं नाही, आणि नाकारलं तर कारण लेखी नोंदवायचं.

माझे चुलते गायरान कसतात. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरतात. ठासणीच्या बंदुकीचा अर्ज घेऊन गेले, तर खिडकीतला बाबू म्हणाला, "सातबारा?" गायरानाचा सातबारा आपल्या नावावर कुठून येणार! कागद तिथूनच परत. नकार तोंडी. तोंडी नकारावर कलम १८ चं अपील कशावर करणार? बाबूला हे पक्कं ठाऊक.

आणि आपल्याला काय ठाऊक? अट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम, त्यातला नियम ३ किती जणांनी वाचलाय? जिथं अत्याचाराचा धोका आहे तो भाग सरकारनं ठरवायचा. गरज दिसली तर तिथल्या बिगर-दलित, बिगर-आदिवासींचे शस्त्रपरवाने रद्द करून बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करायच्या. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज दिसली तर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यायचे. तीस वर्षं झाली हे छापून. आपण निवेदनात 'कठोर कारवाई करावी' लिहितो, फोटो काढतो, चहा पिऊन घरी. 'गरज दिसली तर' हे त्यांना ठरवू देतो.

पँथर हे नाव आपण ज्यांच्यावरून घेतलं, ती ओकलंडची काळी पोरं कायदा वाचून, उघड्यावर, भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांमागं फिरत. १९६७ साली कॅलिफोर्नियाला त्यासाठी कायदा बदलावा लागला. सदऱ्याखाली लपवलेल्या कट्ट्यानं कुणाला कायदा बदलावा लागलाय?

सोमवारी चुलत्यांचा अर्ज पुन्हा नेणार आहे, नियम ३ चं निवेदन सोबत. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. नळी कापायला निघालेला पोरगाही येतोय. अर्ज त्यानंच लिहिलाय, अक्षर चांगलं आहे त्याचं.