घर लोकांचे, नकाशा कंपनीचा

घरातील वायफाय यंत्र आपला क्रमांक भिंतीपलीकडेही सतत घोषित करीत असते. येणारेजाणारे फोन तो टिपून कंपन्यांना कळवितात. अशा नोंदींवरून कोणता फोन कोठे आहे हे ठरते. हे क्रमांक गोळा करताना आपल्या मोटारींनी लोकांचा खासगी मजकूरही टिपला, अशी कबुली गुगलला २०१० साली द्यावी लागली. २०११ साली कंपनीने उपाय सुचविला: नोंद नको असणाऱ्याने यंत्राच्या नावाअखेर रोमन लिपीत ‘_नोमॅप’ लिहावे. म्हणजे चोरी नको असेल तर घरमालकानेच दारावर पाटी लावायची! मारझोड करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडताना स्त्रीने ते यंत्र बरोबर नेले, तर क्रमांक जाणणाऱ्या नवऱ्याला तिचा नवा ठावठिकाणा लागण्याचा धोका असतो. तिने पाटी लावावी काय? संमतीवाचून क्रमांक नोंदविण्यास कायद्यानेच बंदी केली पाहिजे.